चुलीवरचा महसूल – लेखांक ६ : छाप्यांनी हातभट्टी का विझत नाही?

‘गूळमिश्रित रसायन नष्ट’ ही बातमी परभणी जिल्ह्याच्या वाचकाला नवी नाही. पिंपं फुटतात, गुन्हा नोंदवला जातो आणि काही दिवसांनी भट्टी पुन्हा पेटते. याचं खापर व्यसनावर फोडलं जातं. पण हातभट्टी व्यसनाइतकीच महसुलाचीही लेक आहे. परभणी निजामाच्या राज्यात होतं तेव्हा दारू-शिंदीचे मक्ते लिलावात जात आणि मक्तेदाराचा हक्क राखायचा तर घरचं गाळप गुन्हा ठरवावंच लागे. इंग्रजी मुलखात १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडे दारू गाळायला लागणारी मोहाची फुलं बाळगण्यावरही बंधनं आली. आयर्लंडमध्येही १६६१ च्या करानंतर शेतकऱ्याघरची ‘पोचीन’ दारू चोरटी ठरली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५६ नंतर मराठवाड्याला लागू झाला. पुढे बंदी सैलावली, परवान्याची देशी दारू आली, तरी घरचं गाळप गुन्हाच राहिलं. १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या तर नावातच ‘हातभट्टीवाले’ आहेत. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं देशी दारूवरचं शुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये केलं. हातभट्टीला ना शुल्क, ना परवाना. परवान्याची बाटली महागली की स्वस्त ग्लासाचं गिऱ्हाईक वाढणारच.

यावर पहिला आक्षेप विषबाधेचा. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं दगावली, मग या धंद्याकडे सहानुभूतीनं का पाहावं? पण तिथं जीव घेतला तो मिथेनॉलनं, म्हणजे कारखान्यात वापरायच्या रसायनानं. गूळ आंबवून गाळलेली दारू आणि ती भेसळ एक नव्हे. म्हणून हातभट्टी निर्धोक ठरत नाही. नवसागर किती पडला, दारू किती कडक झाली, हे कोणीच तपासत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: दारूनं संसार मोडतात, आणि त्याची किंमत बायका मोजतात. ते खरंच आहे. पण दारूचं दुकान बंद करण्यासाठीचं ‘आडव्या बाटली’चं मतदान परवान्याच्या दुकानापुरतं चालतं. जिला परवानाच नाही, ती भट्टी मतदानानं बंद कशी करणार? तिथं बायकांच्या हाती उरते ती पोलिसांकडे तक्रार.

तक्रारीवरून छापा पडतो, पण त्यात बुडतं ते काही गूळ आणि दोन-चार पिंपं. इतक्या थोड्या भांडवलाचा धंदा जप्तीनं मोडत नाही. घरात दुसरी मिळकत आली तरच तो सुटतो. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं, तेव्हा छाप्यांच्या जोडीला समुपदेशन आणि पर्यायी रोजगारही ठेवला. परभणीनं उचलावा तो हाच धडा. नष्ट केलेल्या रसायनाचे लिटर मोजून कारवाईचं यश कळत नाही. किती घरांनी भट्टी कायमची सोडली, हा आकडा दरवर्षी जाहीर व्हायला हवा.

(पुढील लेखांकात : गोव्याच्या फेणीला परवाना मिळतो, महाराष्ट्रात घरी गाळलेल्या मोहाच्या दारूला का नाही?)