बाळाची जीभ चिकटलीय? कात्री लावायच्या आधी हे ऐका

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

मागच्या पावसाळ्यात मी मावशी झाले. ताईचं सासर लातूर, पण बाळंतपणाला ती नांदेडला माहेरी आली होती. पाचव्या दिवशी काय, तर बाळ तासतासभर अंगावर पितंय, तरी रडतंय. ताईच्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या. आजी म्हणाली, "दूध पुरंना लेकराला, वरचं चालू करा." लातूरहून सासूबाईंचा फोन, "जीभ चिकटली असंल, कापून घ्या." आणि ताई रडत म्हणत होती, "माझंच काहीतरी चुकतंय."

आधी जिभेचं समजून घेऊ. जिभेखाली एक पातळ पट्टी सगळ्यांनाच असते. काही बाळांची ती आखूड, जाड किंवा थेट टोकाजवळ जोडलेली असते. याला डॉक्टर 'टंग-टाय' म्हणतात. बाळ रडताना जिभेचं टोक बदामाच्या आकाराचं दिसू शकतं.

दूध पिताना जीभ खालच्या हिरडीच्या पुढे यावी लागते. ती आली नाही तर बाळ नुसतं स्तनाग्र हिरडीने दाबतं. आईला दुखतं, बाळाला दूध कमी मिळतं. आणि दूध नीट रिकामं झालं नाही की शरीर ते कमी बनवू लागतं. म्हणजे बऱ्याचदा 'दूध नाही' ही सुरुवात नसतेच, तो परिणाम असतो.

पण पट्टी दिसली म्हणजे कापायचीच, असं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये सांगितलं, की अशी जीभ असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच पिताना अडचण येते. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 5 चाचण्या आणि 302 बाळं होती. पट्टी कापल्यावर आईचं दुखणं सुरुवातीला कमी झालं, पण बाळाचं पिणं सुधारतंच असं ठामपणे दिसलं नाही.

म्हणून आमच्या डॉक्टरांनी आधी वजन केलं, मग ताईला समोर बसवून पाजायला लावलं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि तोंडात नुसतं स्तनाग्र नाही तर भोवतीचा काळा भागही. चिरा भरेपर्यंत काढलेलं दूध वाटी-चमच्याने. आठवड्यात वजन वाढायला लागलं. पट्टी होती, पण कापावी लागली नाही.

पकड सुधारूनही दुखणं थांबत नसेल, वजन वाढत नसेल, तर कापणं योग्य ठरू शकतं. काही सेकंदांचं काम आहे, लगेच पाजताही येतं. पण ते डॉक्टरांनीच करायचं. घरी ब्लेडने कधीच नाही.

लक्षात ठेवा: पाचव्या दिवसानंतर दिवसातून किमान सहा वेळा शू व्हायला हवी. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं. शू कमी, बाळ सुस्त, प्यायला उठत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं, दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजांत बालरोग विभाग आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांना "सगळं ठीक आहे" म्हणून परत पाठवू नका, दुखत असेल तर सांगा.

आणि घरात कुणी बाळंतीण रडत असेल तर हा भाग तिच्या नवऱ्याला आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात!