हिरवे पाणी आणि जंबुपार दिवा

आमच्या पुण्याच्या घरात खिडकीपाशी 40 लिटरांची माशांची काचेची पेटी आहे. तीत वालिसनेरियाची लांब पाती, जावा फर्नचा झुबका आणि डझनभर गप्पी. या मंडळींची खरी मालकीण म्हणजे माझी आई. गुडघ्यांपायी तिचे जिने उतरणे थांबले, देवळातल्या मैत्रिणी दुरावल्या, तेव्हापासून ती रोज संध्याकाळी पेटीपुढे खुर्ची टाकून बसते.

गेल्या उन्हाळ्यात पाणी पालकाच्या रसासारखे हिरवे झाले. "अरे, मासे आहेत ना आत?" आई विचारू लागली. पाणी बदलावे, तर चार दिवसांत पुन्हा तेच! शेवटी मी जंबुपार किरणांचा, म्हणजे आजच्या भाषेत अतिनील किरणांचा, दिवा आणला.

याची करामत मोठी गमतीची. बंद नळीत क्वार्ट्झच्या वेष्टनातला दिवा. त्याला वळसा घालून पंप पाणी सावकाश खेळवतो. 254 नॅनोमीटर लांबीच्या लहरी तरंगत्या शेवाळाच्या डीएनएवरच घाव घालतात. मग त्याचा वंश वाढत नाही. पेटता दिवा उघड्या डोळ्यांनी मात्र पाहू नये. आठवड्याभरात पाणी नितळ झाले!

पण पातींवरचे शेवाळ जिथल्या तिथे! नळीतून जाईल त्यावरच दिव्याची सत्ता. म्हणून तर गाळणीच्या स्पंजला चिकटलेले उपकारक जीवाणूही बचावतात. माशांना औषध द्यायचे असेल तेव्हा दिवा बंद ठेवावा. किरणांनी काही औषधे नासतात. शिवाय वर्षभराने दिवा पेटता दिसला तरी त्याचा जोर ओसरलेला असतो.

मूळ दुखणे निराळेच होते. एक, खिडकीचे ऊन. तिथे पडदा लावला. दुसरे, जादा खाणे. आई दिवसातून सहा वेळा चिमूट टाकत होती! "तोंडं उघडून वर येतात रे. उपाशी कसं ठेवू?"

तिला सांगायचे कसे? माझा धीर होईना. लेकीने कुंकवाचा जुना करंडा घासून पुसून त्यात दिवसाचे खाणे भरले. "आजी, एवढंच हं. दोनदा." नातीचा हुकूम आजीने मुकाट्याने मानला.

आता दिवा बहुधा बंदच असतो. काल आईने मासे मोजले आणि मला हाक मारली. "अरे, बारा होते ना? सतरा आहेत! पिल्लं झाली आहेत!"