मुलांचे दात आणि सुईविना भूल

दुधाच्या दाढेतील कीड मज्जेपर्यंत पोहोचली की ती दाढ भरण्यापूर्वी किंवा काढण्यापूर्वी भोवतालचा भाग बधिर करावा लागतो, आणि रात्रभर दुखण्याने रडलेले मूलही नेमके याच टप्प्यावर तोंड घट्ट मिटून घेते. हुबळीलगतच्या तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कुटुंबांना अशा वेळी फार दूर जावे लागत नाही. हुबळी-धारवाड रस्त्यावर सत्तूर येथे १९८६ मध्ये सुरू झालेले श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर दंत महाविद्यालय आहे, बेळगावात केएलई संस्थेचे दंत महाविद्यालय आहे, आणि दोन्ही ठिकाणी मुलांच्या दातांवर उपचार करणारी बालदंतचिकित्सा ही स्वतंत्र शाखा शिकवली जाते. खाजगी दवाखान्यांतून मात्र अलीकडे ‘सुई न टोचता भूल’ अशी जाहिरात दिसू लागली असून, तिच्यामागे प्रत्यक्षात काय आहे हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

स्थानिक भूल म्हणजे शुद्ध न घालवता शरीराच्या एका भागापुरती संवेदना थांबवणे. व्हिएन्नातील कार्ल कोलर याने १८८४ मध्ये डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा उपयोग दाखवून दिल्यावर अल्पावधीतच अमेरिकेत विल्यम हॅल्स्टेड याने जबड्याचा मज्जातंतू बधिर करून पाहिला. पण कोकेनचे व्यसन लागते हे लवकरच ध्यानात आले, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी आइनहॉर्न या रसायनशास्त्रज्ञाने प्रोकेन तयार केले आणि १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन याने लिग्नोकेन शोधले, जे आजही जगभरच्या दंतवैद्यांचे नित्याचे औषध आहे. मज्जातंतूत विद्युतसंदेश पुढे सरकण्यासाठी सोडियमचे कण ज्या मार्गांनी आत शिरतात ते मार्ग हे औषध काही काळ बंद करते, त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. त्यात अत्यल्प प्रमाणात, बहुधा ८०,००० भागांत १ भाग, मिसळलेले अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आकुंचित करून औषध जागच्या जागी अधिक वेळ टिकवून ठेवते.

इंजेक्शनची वेदना सर्वस्वी सुईची असते, असा समज सार्वत्रिक असला तरी तो पुरा खरा नाही. सुई केसासारखी बारीक असते. दुखते ते बऱ्याचदा औषध घाईने ढकलल्यामुळे ताणल्या जाणाऱ्या ऊतींमुळे, आणि अ‍ॅड्रेनलिन टिकावे म्हणून आम्लधर्मी ठेवलेल्या द्रावणाच्या झोंबण्यामुळे. म्हणूनच जाणता दंतवैद्य प्रथम हिरडी कापसाने कोरडी करतो, ओल्या हिरडीवर बधिर करणारे मलम वाहून जाते हे ठाऊक असल्याने ते कोरड्या जागी लावून एक-दोन मिनिटे थांबतो, मग गाल ताणून धरत, सुई मुलाच्या नजरेच्या टप्प्यात येऊ न देता टोक हिरडीच्या सैल भागात अलगद शिरवतो आणि एक-दोन थेंब आधी सोडून ते काम करू लागेपर्यंत पुढे सरकत नाही. उरलेले औषध पूर्ण मिनिटभर लावून हळूहळू सोडले की मुलाला बोचण्याऐवजी दाब जाणवतो. हे कौशल्य महाग यंत्राने मिळत नाही, पण १९९७ पासून उपलब्ध असलेली, संगणकाच्या नियंत्रणाखाली थेंबाथेंबाने औषध सोडणारी उपकरणे तीच संथ गती न चुकता राखतात. त्यांत सुई असतेच, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

सुईविना भुलीच्या उपकरणात मात्र सुईऐवजी स्प्रिंग किंवा वायूचा दाब वापरून औषधाची अतिसूक्ष्म धार प्रचंड वेगाने, सेकंदाच्या अंशात, हिरडीतून आत घुसवली जाते. हे तंत्र दंतवैद्यकाने नव्याने शोधलेले नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत आलेली अशी उपकरणे पुढे सामूहिक लसीकरणात सर्रास वापरली गेली, पण तोटी एकाच्या रक्ताने दूषित होऊन दुसऱ्याला संसर्ग होऊ शकतो हे आढळल्यावर त्यांचा तसा वापर मागे पडला. आताच्या दंतोपकरणांत औषधाची कुपी व तोटी प्रत्येक रुग्णासाठी नवी घेतली जाते की नाही, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

या उपकरणांची खरी मर्यादा खोलीची आहे. वरच्या जबड्याचे हाड मुलांमध्ये पातळ आणि सच्छिद्र असल्याने हिरडीत सोडलेले औषध दाताच्या मुळापर्यंत झिरपते, त्यामुळे वरच्या दातांसाठी या धारेचा काही अंशी उपयोग होतो. खालच्या दाढांना संवेदना देणारा मज्जातंतू मात्र जबड्याच्या मागच्या भागात, ऊतींच्या सुमारे दीड सेंटिमीटर आत असतो. तिथे ही धार पोहोचत नाही आणि सुईला पर्याय उरत नाही. शिवाय काही उपकरणांतून एका वेळी जेमतेम ०.३ मिलिलिटर औषध जाते, जे खोल कीड साफ करण्यास बहुधा अपुरे पडते.

ग्रीसमधील थेस्सालोनिकीच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला ४ ते ११ वर्षांच्या ८७ मुलांचा अभ्यास या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. प्रत्येक मुलाला एका भेटीत सुईने आणि दुसऱ्या भेटीत सुईविना भूल देण्यात आली. सुईविना पद्धतीत सुमारे पाचांपैकी चार वेळा पुन्हा भूल द्यावी लागली, सुईच्या पद्धतीत शंभरांत दोन-तीनदाच. आणि विचारले असता जवळपास तीन चतुर्थांश मुलांनी सुईचीच पद्धत पसंत केली. हे उलटे वाटते, पण धार सुटताना होणारा फटाक्यासारखा आवाज, धक्का, जिभेवर सांडणारे कडू औषध आणि हिरडीतून येणारे रक्त यांचा विचार केला तर मुलांचे म्हणणे पटते. निरनिराळ्या उपकरणांवरचे निष्कर्ष एकसारखे नाहीत हेही खरे. कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये मुलांमध्ये स्थानिक भूल सुसह्य करण्याच्या उपायांचा आढावा घेतला तेव्हाही कोणताही एक उपाय श्रेष्ठ ठरवण्याइतका भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. नाकात फवारायचे भुलीचे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाले खरे, पण तेही फक्त वरच्या दातांसाठी आणि ४० किलो किंवा अधिक वजनाच्या मुलांसाठी, म्हणजे सुईला सर्वांत जास्त घाबरणारी चार-सहा वर्षांची मुले त्यातून वगळलेलीच राहिली.

वेदना आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या वेगळ्या मोजाव्या लागतात. बोलता न येणाऱ्या लहानग्याच्या वेदनेचा अंदाज चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होण्याची तयारी या पाच गोष्टींवरून घेतात. मोठ्या मुलाला हसऱ्यापासून रडव्यापर्यंतचे सहा चेहरे दाखवून त्याचा चेहरा कोणता ते विचारतात. भीतीचा माग नाडीच्या वेगावरूनही घेता येतो. सुई अजून तोंडात गेलीही नसताना नाडी वाढलेली असते, याचे कारण दंतवैद्याच्या हातात नसून बरेचदा घरात असते. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक घालून वाढवलेल्या मुलाला कोणत्याही यंत्राने निर्भय करता येत नाही. ही सवय मोडणे पालकांच्या हाती आहे आणि त्यासाठी पैसा लागत नाही. हॅरी अ‍ॅडलस्टन याने १९५९ मध्ये मांडलेली आधी सांगा, मग दाखवा, मग करा ही रीत आजही बालदंतवैद्यकाचा पाया आहे, कारण मुलाला अचानकपणा जितका घाबरवतो तितकी वेदना घाबरवत नाही. ‘काहीच दुखणार नाही’ असे खोटे आश्वासन मात्र देऊ नये. ‘थोडे चिमटल्यासारखे होईल, मग ओठ जड होईल’ असे सांगितलेले मूल पुढच्या भेटीलाही विश्वासाने येते.

पद्धत कोणतीही असो, मात्रा वजनावर ठरते. लिग्नोकेनची कमाल मर्यादा सामान्यतः दर किलोला ४.४ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, अर्थात २ टक्के द्रावणाचे ३.३ मिलिलिटर, म्हणून मुलाचे ताजे वजन, तसेच त्याचे आजार आणि चालू औषधे दंतवैद्याला आधीच सांगावीत. दोन वर्षांखालील बाळांच्या हिरडीला बेंझोकेनचे मलम घरी लावू नये, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते. भूल दिल्यावर ओठ आणि गाल दोन-तीन तास बधिर राहतात. त्या वेळात मूल गंमत म्हणून ओठ चावते, ओढते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे सुजलेला पांढरट व्रण दिसला की पालक त्याला जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके मागतात. तो बहुतेक वेळा चावल्याचाच व्रण असतो आणि आपोआप बरा होतो. पण बधिरपणा उतरेपर्यंत चपाती-भाकरी न देता केवळ दूध-पाणी देऊन मुलावर लक्ष ठेवले, तर तो होतच नाही.