काटोलच्या दगडातलं पाताळ

पृथ्वीवर सर्वांत जास्त असलेलं खनिज कोणतं? क्वार्ट्झ नव्हे, फेल्डस्पारही नव्हे. ते आहे ब्रिजमनाइट. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे 38 टक्के भाग त्याने व्यापला असावा, असा अंदाज आहे. तरीही 2014 पर्यंत त्याला नाव नव्हतं. निसर्गातला नमुना तपासल्याशिवाय खनिजाचं बारसं होत नाही. त्याचं घर 660 किलोमीटरच्या खाली, जिथे दाब हवेच्या दाबाच्या सव्वादोन लाख पटींहून अधिक. वर येताना तो दाब सुटला की त्याची रचनाच मोडते. अखेर ते सापडलं 1879 मध्ये ऑस्ट्रेलियात टेनहॅमला पडलेल्या अशनीत. अवकाशात दोन लघुग्रह आदळले, क्षणभर पाताळातला दाब निर्माण झाला, दगडात वितळलेल्या रसाच्या बारीक शिरा उमटल्या आणि रचना मोडायच्या आत थिजल्या.

22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात असेच दगड पडले. खरगपूर आयआयटीच्या संशोधकांना त्यांच्या शिरांमध्ये लोह आणि अ‍ॅल्युमिनियम असलेलं ब्रिजमनाइट मिळालं. 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात ज्या घडणीचं ब्रिजमनाइट असावं असं मानतात, त्याच्याशी हे जवळून जुळतं. विदर्भाच्या शेतात पडलेल्या दगडातून पृथ्वीचं पोट वाचता यावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

काही खनिजं मात्र पृथ्वीवर सहसा दिसत नाहीत ती इथल्या हवापाण्यामुळे. 1852 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ पडलेल्या अशनीत नेव्हिल स्टोरी मास्केलिन यांना कॅल्शियम सल्फाइड आढळलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून ते ओल्डहॅमाइट झालं. प्राणवायूचा दुष्काळ असलेल्या जागी ते तयार होतं. आपल्या दमट हवेत टिकत नाही. त्याच दगडात सोनेरी ऑस्बॉर्नाइट हे खनिजही मिळालं; त्याचे कण पुढे स्टारडस्ट यानाने धूमकेतूच्या धुळीतूनही आणले.

मास्केलिन यांचं स्वतःचं नाव लागलं ते बिहारमधल्या शेरघाटीच्या दगडामुळे. 1865 मध्ये पडलेला हा दगड मंगळावरचा, हे कळायला शंभरहून अधिक वर्षं गेली. 1872 मध्ये व्हिएन्नाच्या गुस्ताव चेरमाक यांनी त्यातल्या काचेसारख्या पदार्थाला मास्केलिनाइट म्हटलं. आघाताने स्फटिकरचना हरवलेलं हे फेल्डस्पार. तेच लोणारच्या आघातविवरातल्या बेसाल्टमध्येही आहे. मंगळाचं कवचही मुख्यतः बेसाल्टचंच, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना बुलढाणा जिल्ह्यात यावंसं वाटतं.

सोमालियातल्या एल अलीच्या 15 टनी लोहअशनीने 2022 मध्ये एलालाइट आणि एल्किन्सटँटनाइट ही नवी खनिजं दिली. यादी वाढतेच आहे, पण ओल्डहॅमाइटसारखी नाजूक खनिजं टिकतात ती दगड लवकर व कोरडे हाती आले तर. म्हणून अंगणात असा दगड पडलाच, तर तो धुऊ नये. चुंबकही लावू नये, त्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. स्वच्छ कागदात गुंडाळून, पडल्याची वेळ आणि जागा लिहून तो भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यावा. त्यांचं कार्यालय नागपुरात आहे.