पृथ्वी सपाट की गोल? वऱ्हाडातून गेलेल्या रेघेचे उत्तर

यवतमाळ : पृथ्वी गोल आहे, हे प्राथमिक शाळेतच शिकविले जाते. तरीही गेल्या दशकभरात 'पृथ्वी सपाट आहे, शास्त्रज्ञ जगाची फसवणूक करीत आहेत', असा दावा करणाऱ्या चित्रफिती मोबाइलवरून घरोघरी पोहोचल्या आहेत. बहुतेक जण त्या हसण्यावारी नेतात. मात्र 'पृथ्वी गोल असल्याचे तुम्ही स्वतः पाहिले आहे काय?' या एका प्रश्नापुढे भले भले सुशिक्षितही अडखळतात. 'पुस्तकात लिहिले आहे' किंवा 'शास्त्रज्ञ सांगतात' एवढेच उत्तर असेल, तर ते विज्ञानाचे उत्तर नव्हे. तीही एक प्रकारची श्रद्धाच ठरते.

विशेष म्हणजे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ७८ अंश पूर्व रेखांश यवतमाळ शहराच्या पश्चिमेस अवघ्या १२ ते १५ किलोमीटरवरून जातो. पृथ्वीचा आकार ठरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात झालेली जगातील एक महत्त्वाची मोजणी याच रेखांशालगत झाली. आणि याच प्रश्नावरचा एक गाजलेला वाद त्याच शतकात मराठी पंडितांनी खेळला.

दावा नेमका काय?

सपाट पृथ्वीचा आधुनिक पुरस्कार इंग्लंडमध्ये सुरू झाला. सॅम्युअल रोबॉथम याने १८३८ मध्ये 'बेडफर्ड लेव्हल' येथील एका सरळ कालव्यात उभे राहून दूर जाणारी नाव न्याहाळली आणि पाण्याला बाक नाही, असा निष्कर्ष काढला. पुढे १९५६ मध्ये इंग्लंडमध्येच सपाट पृथ्वी मानणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. या मतानुसार पृथ्वी ही थाळीसारखी असून तिच्या मध्यभागी उत्तर ध्रुव आहे, कडेने अंटार्क्टिकाची बर्फाची भिंत आहे आणि सूर्य-चंद्र काही हजार किलोमीटर उंचीवर या थाळीवर घिरट्या घालतात.

हे मत खोडून काढताना त्याची एक बाजू मान्य करावयास हवी. पृथ्वी डोळ्यांना सपाटच दिसते. कापसाच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला बाक जाणवत नाही. याचे कारण भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि' ग्रंथाच्या गोलाध्यायात दिले आहे. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा अगदी लहान तुकडा सरळच भासतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस चिमुकला असल्याने त्याला दिसणारा भाग सपाट वाटतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असती, तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य माणसांना सदैव का दिसत नाही, असा सवालही त्यांनी केला. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा सवाल आजच्या चित्रफितींनाही तितकाच लागू पडतो.

सिहोरचा वाद

भारतात पृथ्वीच्या आकाराविषयी दोन परंपरा शतकानुशतके शेजारी शेजारी नांदत होत्या. पुराणांत मेरुपर्वताभोवती पसरलेली, द्वीपे आणि समुद्रांच्या वलयांनी बनलेली विस्तीर्ण पृथ्वी आहे. आर्यभटापासूनच्या सिद्धान्तग्रंथांत मात्र ती निराधार अवकाशात असलेला गोल आहे. पंचांग सिद्धान्तावरून करावयाचे आणि कथा पुराणातली सांगावयाची, अशी ही विभागणी होती.

ती विभागणी १८३० च्या दशकात भोपाळजवळच्या सिहोर येथे मोडली. तेथील इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन याने पाश्चात्त्य ज्योतिष थेट शिकविण्याऐवजी भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा पाया घ्यावा, असा आग्रह धरला. त्याचे सहकारी सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहिला. पुराणांचे, सिद्धान्तांचे आणि कोपर्निकसचे अशी तिन्ही मते त्यात एकमेकांशेजारी मांडून तपासली होती.

या मांडणीला पुण्याकडून उत्तर आले. यज्ञेश्वरशास्त्री रोडे यांनी १८३७ मध्ये 'अविरोधप्रकाश' लिहून पुराणे आणि ज्योतिष यांत विरोध नाही, अशी बाजू मांडली. त्यावर सुबाजी बापूंनी 'अविरोधप्रकाशविवेक' लिहून प्रत्युत्तर दिले. सिहोरच्या याच पाठशाळेत पुढे बापूदेव शास्त्री हेही शिकले. पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेल्या आणि नागपुरात गणित शिकलेल्या या तरुणाची हुशारी पाहून विल्किन्सनने त्यांना सिहोरला नेले होते. नंतर ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच तपासले. ते १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या वादातून घेण्यासारखा धडा असा, की सुबाजी बापूंनी प्रतिपक्षाला अडाणी ठरविले नाही. प्रतिपक्ष ज्या भास्कराचार्यांना मानत होता, त्यांच्याच गणिताने ते बोलले. अर्थात सिद्धान्तकारांचेही सारे बरोबर होते, असे नाही. त्यांच्या मते पृथ्वी गोल असली, तरी विश्वाच्या केंद्रस्थानी होती. परंपरेचा आदर आणि परंपरेतील चूक दाखविणे या दोन गोष्टी एकत्र चालू शकतात, हे त्या पिढीने दाखवून दिले.

वऱ्हाडातून गेलेली मोजणी

शास्त्रार्थ सुरू असतानाच प्रत्यक्ष मोजणीही चालू होती. कर्नल विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, ७८ व्या रेखांशालगत त्रिकोणांची साखळी बांधत जाण्याचे हे काम होते. बिदरकडून वऱ्हाडातील एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या दिशेने सरकलेल्या या मोजणीच्या पट्ट्यातच आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा पश्चिम भाग येतो. लॅम्बटनचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला आणि त्याची कबरही तेथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने १८४१ पर्यंत तडीस नेले. सुमारे २,४०० किलोमीटरची ही मोजणी 'ग्रेट आर्क' या नावाने ओळखली जाते.

या मोजणीत पृथ्वीचा गोलावा गृहीत धरून भागत नव्हते, तो हिशेबात घ्यावाच लागत असे. सपाट कागदावरील त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. गोलावरील त्रिकोणात ती किंचित जास्त भरते. प्रत्येक बाजू ४० किलोमीटर असलेल्या त्रिकोणात हा फरक सुमारे साडेतीन विकला, म्हणजे एका अंशाचा जवळजवळ हजारावा भाग इतका असतो. सुमारे अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटने कोन मोजणाऱ्या पथकांना तो विचारात घेतल्याशिवाय साखळी जुळविता येत नसे. पृथ्वी सपाट असती, तर ही दुरुस्ती करताच हिशेब बिघडला असता. प्रत्यक्षात ती केल्यावरच तो जुळला. शिवाय उत्तरेकडे सरकताना एका अक्षांशाची लांबी किंचित वाढते, म्हणजेच पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, हेही अशा मोजण्यांतून पक्के झाले. या आकड्यांवरून एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेली पृथ्वीची आकृती भारतीय नकाशांसाठी दीर्घकाळ वापरली गेली.

काठी, सावली आणि तीन शहरे

सर्वेक्षणाचे आकडेही ज्यांना सरकारी वाटतात, त्यांच्यासाठी एक मीटरची सरळ काठी पुरेशी आहे. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी माध्यान्ही, म्हणजे यवतमाळात मार्चमध्ये १२ वाजून २५ मिनिटांच्या आणि सप्टेंबरमध्ये १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास, उभ्या काठीची सावली सुमारे ३७ सेंटिमीटर पडते. त्याच दिवशी कन्याकुमारीत ती सुमारे १४ आणि दिल्लीत साडेचोपन्न सेंटिमीटर असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन गावांच्या सावल्यांतील फरकावरून पृथ्वी गोल असल्याचे सिद्ध होते, असे अनेकदा सांगितले जाते. ते अपुरे आहे. पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ मानला, तरी सावल्या वेगळ्या पडतील. म्हणून तिसरे शहर हवे. पृथ्वी सपाट मानून सावलीवरून सूर्याची उंची काढली, तर कन्याकुमारीच्या सावलीनुसार ती सुमारे ६,३०० किलोमीटर येते, यवतमाळनुसार ६,१०० आणि दिल्लीनुसार ५,८००. सूर्य एक आणि उंच्या तीन, हे शक्य नाही. कन्याकुमारीचा आकडा खरा मानला, तर दिल्लीतील सावली ५० सेंटिमीटरच भरावयास हवी. प्रत्यक्षात ती चार सेंटिमीटरहून अधिक जास्त भरते. हा फरक साध्या मोजपट्टीने कळतो. पृथ्वी गोल आणि सूर्य अतिशय दूर मानताच तिन्ही सावल्या केवळ अक्षांशावरून अचूक सांगता येतात. तीन शहरांतील शाळांनी एकाच दिवशी दूरध्वनीवरून आकडे जुळविले, तर विद्यार्थ्यांना हा निष्कर्ष स्वतःच्या हाताने काढता येईल.

दुसरा पुरावा रोजच्या सूर्यास्ताचा आहे. सूर्य सहा हजार किलोमीटर उंचीवर घिरट्या घालत असता, तर विषुवदिनी सायंकाळी सहाच्या सुमारास तो यवतमाळच्या क्षितिजावर सुमारे २५ अंश उंच दिसला असता आणि दूर गेल्याने त्याचा आकार दुपारच्या निम्म्याहूनही लहान झाला असता. प्रत्यक्षात सूर्य पूर्ण आकारात क्षितिजाखाली उतरतो. दुपारच्या सूर्याचा आकार तपासावयाचा असल्यास प्रमाणित सौरचष्माच वापरावा. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये.

तिसरा पुरावा दक्षिण गोलार्धातील आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी ते चिलीची राजधानी सान्तियागो हे अंतर गोल पृथ्वीवर सुमारे ११,३०० किलोमीटर आहे आणि थेट विमान ते साधारण १२ ते १४ तासांत कापते. उत्तर ध्रुव मध्यभागी असलेल्या सपाट नकाशावर हेच अंतर २५ हजार किलोमीटरहून अधिक होते. एवढ्या वेळात ते कापणारे प्रवासी विमान अस्तित्वात नाही.

वाद कशाने मिटतो?

पुरावा दिला की वाद संपतो, असे इतिहास सांगत नाही. उत्क्रांतिवादाचे सहप्रवर्तक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८७० मध्ये ५०० पौंडांची पैज स्वीकारून त्याच बेडफर्डच्या कालव्यावर पाण्याचा बाक दाखवून दिला. पंचाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पण हरलेल्या जॉन हॅम्पडेनने तो मान्य तर केला नाहीच, उलट पुढची अनेक वर्षे वॉलेस यांची बदनामी केली. पैजेचा हेतू समोरच्याला हरविणे हा होता, समजावून सांगणे हा नव्हता.

याउलट डिसेंबर २०२४ मध्ये सपाट पृथ्वीचे काही पुरस्कर्ते आणि त्यांचे विरोधक एकत्र अंटार्क्टिकावर गेले. तेथे उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास मावळत नाही आणि आकाशात पूर्ण फेरी मारतो. सपाट नकाशात हे बसत नाही. ते दृश्य पाहिल्यावर गटातील एका प्रमुख पुरस्कर्त्याने या मुद्द्यावर आपण चूक होतो, हे जाहीरपणे मान्य केले. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी मात्र ही सहलच बनावट ठरविली. निरीक्षण आधी आणि मत नंतर, हा क्रम ज्याला मान्य आहे, त्याच्याशीच चर्चा फलदायी ठरते, असा याचा अर्थ घेता येईल.

या चर्चेची गरज काय, असा प्रश्न यवतमाळसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात विचारला जाऊ शकतो. घरांच्या छपरांवर दक्षिणेकडे तोंड करून बसविलेल्या दूरचित्रवाणीच्या तबकड्या विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे रोखलेल्या असतात. फिरत्या गोल पृथ्वीच्या गतीशी त्याची गती जुळते, म्हणूनच तो एका जागी स्थिर दिसतो. पेरणी कधी करावी, याचा निर्णय ज्या हवामान अंदाजावर अवलंबून असतो, त्यातही अशाच उपग्रहांनी टिपलेल्या ढगांचा मोठा वाटा असतो. 'सारे शास्त्रज्ञ खोटे बोलतात' ही भावना एकदा रुजली, की ती पृथ्वीच्या आकारापाशी थांबत नाही. उद्या तीच पावसाच्या इशाऱ्यापर्यंत, औषधापर्यंत आणि लसीपर्यंत पोहोचते. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, ते यासाठीच.

शंका घेणे हा विज्ञानाचा पाया आहे. त्यामुळे 'पृथ्वी गोल कशावरून?' असे विचारणाऱ्या मुलाला गप्प बसविण्याऐवजी त्याच्या हाती काठी आणि मोजपट्टी देणे अधिक श्रेयस्कर. दरवर्षी २२ मे आणि २१ जुलैच्या आसपास सूर्य यवतमाळच्या अगदी माथ्यावर येतो आणि माध्यान्ही उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. मे महिन्यात ही वेळ १२ वाजून १४ मिनिटांच्या आणि जुलैमध्ये १२ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास असते. जुलैत ढगांचा अडथळा संभवतो. मे महिन्यात मात्र आकाश बहुधा निरभ्र असते. त्याच क्षणी दिल्लीत सावली असते आणि कन्याकुमारीतही असते, फक्त तिची दिशा उलट असते. शाळांना सुटी असली, तरी हा प्रयोग अंगणातही करता येतो.