ब्लॉसम म्हणजे नेमके काय?

इंग्रजीच्या पुस्तकात फ्लॉवर, ब्लॉसम आणि ब्लूम असे तीन शब्द येतात. शब्दकोशात तिन्हींपुढे 'फूल' लिहिलेले असते. मुले तेवढेच पाठ करतात आणि वाक्यात चुकतात. हा फरक आपल्या आया-बहिणींना मात्र शेतातून ठाऊक आहे.

फ्लॉवर म्हणजे कोणतेही फूल. ब्लॉसम हा शब्द विशेषतः फळझाडांच्या फुलांसाठी वापरतात. आंब्याचा मोहोर, संत्र्याचा बहार म्हणजे ब्लॉसम. ब्लूममध्ये फुललेली अवस्था येते. 'इन ब्लूम' म्हणजे झाड ऐन बहरात आहे.

देऊळगाव राजा परिसरात संकरित कपाशीच्या बियाण्याचे काम केलेल्या बायांना विचारा. उद्या उमलणारी कळी त्या आज दुपारनंतरच ओळखतात. ती सोलून पुंकेसर काढतात आणि सकाळी नर फुलाचे पराग तिला लावतात. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी पडते, तेव्हा वेळ गेलेली असते. १९७० साली एच-४ हा संकरित वाण आला, तेव्हापासून हे बी अशाच हातांवर उभे आहे.

ब्लॉसम हे क्रियापदही आहे. माणूस गुणांनी खुलत गेला, की इंग्रजीत 'ब्लॉसम' झाला म्हणतात. 'लेट ब्लूमर' म्हणजे उशिरा बहरणारा. म्हणून मागे पडलेल्या मुलाला मठ्ठ म्हणू नका.

आणि भगिनींनो, हंगामात मुलीची शाळा बुडवून तिला फुलांच्या कामाला नेऊ नका. कळीची वेळ आपण चुकू देत नाही. मुलीची तरी का चुकू द्यावी?