घरी बसविलेली गुणवत्ता

इंग्लंडात 1962 साली स्टेफनी शर्ली यांनी अवघ्या 6 पौंडांच्या भांडवलावर संगणकाच्या आज्ञावली लिहून देण्याचा व्यवसाय आरंभिला, तेव्हा विवाह वा मातृत्व यांमुळे नोकरीला मुकलेल्या सुशिक्षित स्त्रिया हेच त्यांचे मुख्य मनुष्यबळ होते. या स्त्रियांना कामात तरबेज करण्याचा खर्च आधीच्या मालकांनी सोसला; परंतु ठरावीक वेळांचा हट्ट न सोडल्यामुळे त्याचे फळ त्यांनी आपण होऊन दुसऱ्याच्या पदरात टाकले. शर्लीबाईंनी घरून, सोयीच्या वेळी काम करण्याची मुभा दिली. मुलांचा गलबला गिऱ्हाइकाच्या कानी जाऊ नये म्हणून टेलिफोनजवळ टंकलेखनाच्या आवाजाची ध्वनिफीत लावली. आणि पत्रांवर ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी सही केल्यावरच उत्तरे येऊ लागली, ही त्या काळाची खेदजनक साक्ष होय. पुढे कॉन्कॉर्ड विमानाच्या उड्डाणनोंद यंत्राची आज्ञावली याच स्त्रियांनी सिद्ध केली.

अनुभवी मनुष्य सोडून गेला म्हणजे दफ्तरात न उतरलेली माहिती, गिऱ्हाइकाचा विश्वास आणि नवख्याला तयार करण्यात जाणारे महिने यांची तूट जमाखर्चात दिसत नसली, तरी ती मालकालाच भरून काढावी लागते. म्हणूनच आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची सवेतन प्रसूतिरजा आणि 50 वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केले, त्याकडे निव्वळ भुर्दंड म्हणून पाहणे मला अदूरदर्शीपणाचे वाटते. मात्र रजेवरून परतलेल्या बाईंना दुय्यम काम देऊन बढतीच्या यादीतून वगळणाऱ्या मालकाला अनुभवी मनुष्य टिकविल्याचा कोणताच लाभ मिळत नाही.